तार आली, जल्दी या

चूक माझी होती, हे आधीच कबूल करतो, म्हणजे पुढं मला मोकळेपणानं चिडता येईल.

मी एसटीच्या कंडक्टरला निरोप सांगितला. तोही खिडकीतून, गाडी सुटता सुटता. "वाटूरला फाट्याजवळ वकीलसाहेबांची सासुरवाडी आहे, तिथं सांगा, वकीलसाहेबांकडं तार आली, जल्दी या." अंबडच्या स्टँडवर धूर सोडून गाडी निघून गेली आणि एक काम मार्गी लावल्याच्या समाधानात मी घरी आलो. निरोप खोटा नव्हता. तार खरंच आली होती. मुंबईहून, पार्सलनं. करंगळीपेक्षा जाड, निळ्या कातडीची, वकीलसाहेबांच्या गाण्याच्या मशीनला जोडायची तार. दोन दिवसांसाठी वाटूरला जाताना त्यांनी मला बजावलं होतं, "भाडेकरू, तार आली की निरोप धाडा. दम धरू नका." मी दम धरला नाही. फक्त एवढंच विसरलो, की आपल्याकडं 'तार आली' म्हटलं की माणसं पार्सल उघडत नाहीत, गळा काढतात.

ज्यांनी तो जमाना पाहिला नाही त्यांना सांगतो. पोस्टाची तार गावात यायची ती बहुतेक कुणीतरी गेल्याचीच. शिपाई दारात दिसला की बाया आधी रडायच्या. कोण गेलं ते वाचायला शिकलेला माणूस मागाहून शोधला जायचा.

आणि माझा निरोप वाटूरला पोचला तेव्हा वकीलसाहेब तिथून जालन्याच्या कोर्टाकडं निघून गेले होते. म्हणजे 'अहो, ती तार नव्हे' असं सांगणारा एकमेव माणूस तिथं नव्हता.

वकीलसाहेब म्हणजे माझे घरमालक. नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी पाटबंधारे खात्यात कारकून होतो, लग्न नुकतंच झालं होतं आणि त्यांच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत आमचा संसार होता. ते मला कधी नावानं हाक मारायचे नाहीत. भाडेकरूच म्हणायचे. "नावानं हाक मारली की माणूस जवळचा होतो. अन् जवळच्या माणसाला भाडं मागायला जीभ रेटत न्हाई." कोर्टात ते बांधाचे आणि वाटणीचे दावे चालवायचे. आवाज असा, की समोरच्या वकिलाचा अशीलही घाबरून मान डोलवायचा. पण घरी येऊन काळा कोट खुंटीला लावला, की त्यांचा सगळा संताप एकाच गोष्टीवर निघायचा. जगाला ऐकता येत नाही.

"ऐकू सगळ्यांनाच येतं," ते म्हणायचे. "ऐकता कुणाला येत न्हाई. आता तुमचे कान, भाडेकरू. तुमचे सरकारी कान. ऐकून घेतात, दखल घेत न्हाईत."

त्यांचं मशीन बैठकीत होतं. रेकॉर्ड प्लेअर, कॅसेटचा डेक, पेटाऱ्याएवढा अ‍ॅम्प्लिफायर आणि दोन कोपऱ्यांत कमरेएवढ्या दोन लाकडी पेट्या, म्हणजे स्पीकर. या सगळ्याला कुणी 'टेप' म्हटलं की खेळ खलास. एकदा दूधवाला कौतुकानं म्हणाला, "साहेब, टेप लई भारी हाय तुमचा." दुसऱ्या दिवसापासून दूध दुसऱ्याचं.

मशीन सुरू झालं की घरात जमावबंदी. पंखा बंद, मे महिन्यातसुद्धा, कारण पाती आवाज कापतात. फ्रीज बंद, कारण तो वीज उष्टी करतो. हा शब्द त्यांचाच. त्यामुळं काकूंचं, म्हणजे त्यांच्या बायकोचं, दूध अधूनमधून नासायचं. आणि कुकरची शिट्टी म्हणजे थेट कोर्टाचा अवमान. काकू बिचाऱ्या त्या वेळात वरण उघड्या पातेल्यात शिजवायच्या आणि डाळ शिजली का ते बघायला झाकणसुद्धा चोरासारखं उचलायच्या.

इथवर मी समजू शकतो. माणसाला गाण्याचं वेड असावं. पण तार? माझं डोकं सणकायचं ते तारेवरून. मी विज्ञानाचा पदवीधर. काठावर पास झालेला, पण पदवीधर. अ‍ॅम्प्लिफायरपासून पेटीपर्यंत वीज नेणारी तांब्याची तार ती तांब्याची तार. पुरेशी जाड असली, जोड पक्का असला, की संपलं. पण मुंबईच्या कुठल्याशा दुकानातून त्यांना रंगीत कागद यायचे, त्यावर लिहिलेलं असायचं की या तारेनं आवाजावरचा पडदा उठतो, त्या तारेनं गायकाचा श्वास ऐकू येतो. आणि समोरच्या साक्षीदाराच्या बापजाद्यांवरसुद्धा विश्वास न ठेवणारा हा माणूस तो कागद पोथीसारखा वाचायचा.

"तुम्ही पाटबंधारे खात्यातले ना?" ते मला विचारायचे. "पाट कच्चा असला तर टोकाच्या शेताला पाणी पोचतं का?"

"पोचत नाही, साहेब."

"मंग! साधी तार म्हणजे कच्चा पाट. आवाज वाटेत मुरतो."

"पण साहेब, इथून पेटी चार हातांवर आहे. चार हातांत कुठं मुरणार?"

"मुरतो. तुमच्या खात्याचं पाणी कुठं मुरतं हे तरी तुम्हाला कुठं ठाऊक असतं?"



तारेचे लाड तर विचारू नका. तार जमिनीला टेकता कामा नये, जमीन आवाज ओढून घेते. म्हणून काकूंच्या दिवाळीच्या पणत्या पालथ्या घालून त्यावर तार ठेवलेली. दिवाळीला काकूंनी पणत्या मागितल्या तर म्हणाले, "आता तार उठवता येणार न्हाई, आवाज बसून जाईल." काकूंनी बाजारातून नव्या पणत्या आणल्या. तारेवर बाण छापलेला असायचा. बाण उलटा लागला तर आवाज पाठमोरा होतो म्हणे. आणि नवी तार लगेच वाजत नाही. ती पिकावी लागते, अढीतल्या आंब्यासारखी.

"आंबा पिकला की वास येतो, साहेब. तार पिकल्याचं कसं कळतं?" मी एकदा विचारलं.

"कान असणाऱ्याला कळतं."

शेवटी एके दिवशी मी धीर करून खरी गोष्ट सुचवली. बैठकीच्या डाव्या कोपऱ्यात, बरोब्बर डाव्या पेटीच्या पुढं, पाहुण्यांच्या गाद्यांची थप्पी होती. काकूंच्या लग्नात माहेरहून आलेल्या, वाटूरच्या घरच्या कापसाच्या गाद्या. एकेक अशी जड, की दोघांनी उचलावी. थप्पी छातीएवढी. त्यामुळं उजवी पेटी गायची आणि डावी घोंगडं पांघरून कण्हायची. मी म्हणालो, "साहेब, तारेआधी एक दिवस या गाद्या हलवून बघू या का?"

"गाद्या!" ते उसळले. "लोक मुंबईहून तार मागवून राह्यले, अन् हे मला गाद्या उचलायला सांगून राह्यले. कारकुनाला गादीशिवाय दुसरं दिसणार काय?"

मी पुन्हा तो विषय काढला नाही. घर बरं होतं, पाणी रोज यायचं.

आता काकूंचं सांगतो, कारण खरा दावा त्यांचाच होता. घरात मशिनी दोन होत्या. दुसरं काकूंचं, शिवणाचं. काकू ब्लाउज असा बेतायच्या, की गल्लीतल्या बायका जालन्याच्या शिंप्याला विसरल्या. त्यांना शिवणाचा क्लास काढायचा होता. शिकणाऱ्या तयार होत्या, माझी बायको त्यांत पहिली. हवी होती फक्त बैठक. काकूंचं मशीन न्हाणीजवळच्या बोळात होतं. तिथं कात्री पुरती उघडली की भिंतीला लागायची, आणि वकीलसाहेब घरात असले की पायडल मारायची बंदी. काकू बैठक मागायच्या आणि वकीलसाहेब वकिलासारखीच तारीख द्यायचे. "पोळ्यानंतर बघू." पोळा झाला की "दसऱ्यानंतर बघू."

"भांडणाऱ्याशी भांडता येतं गं," काकू माझ्या बायकोला म्हणायच्या. "तारीख देणाऱ्याशी काय करायचं?"

त्या वर्षी बायका कंटाळल्या. बाजारात दुसरा क्लास निघाला होता, तिकडं जायच्या गोष्टी सुरू झाल्या. काकूंनी नवऱ्याला सांगून टाकलं, या महिन्यात बैठक मिळाली नाही तर शिवणाचं मशीन विकून टाकते, निदान बोळातून नीट चालता तरी येईल. वकीलसाहेब म्हणाले, "निळी तार येऊ दे. मंग बघू."

ती आली.

संध्याकाळी दारात जीप थांबली. काकूंची आई, म्हणजे वाटूरच्या आजी, तोंडाला पदर लावून उतरल्या. मागं काकूंचा थोरला भाऊ, भावजय आणि भावकीतल्या आणखी काही जणी. काकू पिठाच्या हातानं बाहेर आल्या. आजींनी त्यांना मिठीत घेऊन हंबरडा फोडला.

"सकाळी तर हसत गेल्ते गं माय! कसं झालं गं!"

काकूंना वाटलं, वाटूरला कुणीतरी गेलं आणि आई सांगायला आली. त्यांनीही हंबरडा फोडला.

"कवा गेले गं आई?"

"तूच सांग की कवा गेले!"

"मला काय म्हाईत? सांगायला तर तू आल्ती ना?"

पण एकदा सुरू झालेलं रडणं चौकशीसाठी थांबत नसतं. गल्लीतल्या बाया धावत आल्या आणि कोण, काय न विचारता सामील झाल्या. काय झालंय ते त्या गर्दीत फक्त मला कळलं होतं, आणि तोंड उघडायची हिंमत होत नव्हती.

तेवढ्यात बैठकीचं दार धाडकन उघडलं. जालन्याहून येऊन, पार्सल फोडून बसलेले वकीलसाहेब बाहेर आले. गळ्यात निळी तार, डोळ्यांत अंगार.

"कोण रडून राह्यलं? एक तार नीट सोलू देईनात घरात!"

आजी जागच्या जागी बसल्या. मेहुणे दोन पावलं मागं सरले. "दाजी! तुम्ही तर धडधाकट! मंग तार कशाची आल्ती?"

"कशाची म्हणजे? ही काय!" वकीलसाहेबांनी गळ्यातली तार उंच धरली.

मेहुण्यांनी ती हातात घेतली, वाकवून पाहिली, तिच्या टोकाचं तांबं नखानं खरवडलं. "ह्याला खर्चा किती आला?"

वकीलसाहेबांनी आकडा सांगितला. तो मी इथं लिहीत नाही. एवढंच सांगतो, की आजी पुन्हा रडायला लागल्या, आणि या खेपेला कारण खरं होतं.

"हलक्या कानाची माणसं लई बघितली," मेहुणे हळूच म्हणाले. "महागड्या कानाचं आज बघितलं."

मग निरोप कुणी धाडला याची चौकशी झाली आणि सगळी गल्ली माझ्याकडं वळली. वकीलसाहेब म्हणाले, "कान सरकारी, तशी जीभबी सरकारी."

पाहुणे मुक्कामाला राहिले. गर्मीचे दिवस, सगळ्यांच्या गाद्या गच्चीवर पडल्या. थप्पीतली एकही खाली उरली नाही. सकाळी काकू म्हणाल्या, आता वर गेल्याच आहेत तर ऊन लागू द्या, आणि गाद्या गच्चीवरच राहिल्या. हे ध्यानात ठेवा. मी ठेवलं होतं, म्हणूनच पुढं माझा एवढा संताप झाला.

चहा पिता पिता मेहुण्यांनी विषय काढला. "दाजी, आमच्या डोळ्यातलं पाणी फुकट गेलं त्याचं काही न्हाई. पण तारेनं फरक पडतो का, हे आज आमच्या कानानं ऐकू द्या. फरक न्हाई पडला, तर बैठक आमच्या बहिणीला."

"अन् पडला तर?"

"तर आम्ही परत बैठकीचं नाव काढणार न्हाई."

"मंजूर," वकीलसाहेब म्हणाले. काकू चहाची कपबशी हातात धरून उभ्या होत्या.

बैठकीत आम्हाला पंचांसारखं भिंतीला टेकवून बसवलं. पंखा बंद, फ्रीज बंद. निळी तार पणत्यांवर निजवली, बाण बघितला आणि वकीलसाहेबांनी सारंगीची रेकॉर्ड लावली.

काय सांगू? डावीकडचं घोंगडं कुणीतरी ओढून काढल्यासारखं झालं. सारंगी दोन्ही भिंतींमधून मोकळी होऊन मधोमध येऊन बसली. मेहुणे म्हणाले, "आयला!" आजींनी पदर सावरला. मलाही ऐकू आलं, सरकारी कानांना! क्षणभर मीसुद्धा चाट पडलो. मग माझी नजर डाव्या कोपऱ्याकडं गेली. तिथं थप्पीच्या जागी फक्त धुळीचा एक चौकोन होता.

"गाद्या!" मी ओरडलो. "साहेब, गाद्या गेल्या म्हणून!"

वकीलसाहेबांनी सुई उचलली. मला उभं केलं.

"भाडेकरू, आवाज सुधारला का? हो की न्हाई?"

"सुधारला, पण..."

"पण न्हाई. कालपेक्षा सुधारला?"

"हो, पण गाद्या..."

"कालपासून आजपर्यंत या खोलीत नवीन वस्तू कोणती आली?"

"तार. पण इथून गेलं काय तर..."

"आली ते विचारलं. गेली ते विचारलं न्हाई. बसा."

माझं रक्त उकळलं. डोळ्यांसमोर सत्य होतं, चांगलं छातीएवढं, कापसानं भरलेलं, आणि ते उन्हात वाळत पडलं होतं! मी बसलो नाही. म्हणालो, "साहेब, तार असू द्या. गाद्या खाली आणू, पुन्हा इथंच रचू, अन् हीच रेकॉर्ड वाजवू. मग बघा!"

"हे बराबर बोलले," म्हणत मेहुणे उठलेसुद्धा.

"राहू द्या, दादा." काकूंनी भावाला थांबवलं. उतू जायच्या बेतातल्या दुधाकडं बघावं तसं त्यांनी माझ्याकडं बघितलं. "गाद्यांना ऊन लागून राह्यलंय. अन् मला इचारा की. रोज ऐकणारी मी हाय. फरक पडलाय. लई पडलाय. तारेनंच पडलाय."

मी थक्क. जिची बैठक जायची होती तीच बाई!

वकीलसाहेबांचा चेहरा असा फुलला, की वर्षानुवर्षं चाललेला दावा जिंकल्यावरही तसा फुलला नसेल. "ऐका! ऐका! घरचा साक्षीदार!"

"आधी आवाज खोलीतच घुटमळायचा," काकू म्हणाल्या. "आता लांब जाईल, न्हाई का?"

"बिलकुल जाईल."

"माडीवरून खाली यायला त्याला काही अडचण?"

"कसली अडचण? ही तार असल्यावर आवाज गल्लीच्या टोकाला ऐकू येईल!"

"मंग पेट्यांसकट मशीन माडीवर न्या," काकू शांतपणे म्हणाल्या. "साधी तार होती तवा आवाजाला ही खोली लागायची. एवढ्या भारी तारेला इथं कशाला कोंडायचं? वर कुकर न्हाई, फ्रीज न्हाई, दूधवाला न्हाई. तुम्ही अन् तुमची सारंगी."

वकीलसाहेबांनी तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं. साक्षीदार उलटला तर काय करायचं हे वकिलाला पाठ असतं. साक्षीदार सगळंच कबूल करून बसला तर काय करायचं, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. तार नुसतीच बरी आहे म्हणावं तर तार हरते, आणि भारी आहे म्हणावं तर बैठक जाते.

"बघू," ते म्हणाले. "दिवाळीनंतर..."

"आता तारीख न्हाई, जावईबापू," आजी म्हणाल्या. "एका तारेपायी आम्ही वाटूरहून रडत आलो. हसत जाऊ द्या."

तोवर मेहुण्यांनी डावी पेटी खांद्यावर घेतली होती.

दुपारपर्यंत शिवणाचं मशीन बोळातून बैठकीत आलं, खिडकीच्या उजेडात. काकूंनी पायडल मारलं आणि माझ्या बायकोला म्हणाल्या, "बस. पहिलं माप तुझं." आणि आता पुढचं ऐका, कारण यानं तर माझा संताप आजतागायत शमलेला नाही. बैठकीत क्लास म्हटल्यावर गाद्यांना जागा राहिली नाही. त्या गच्चीवरून खाली आल्याच नाहीत, थेट माडीवर गेल्या. कुठं रचल्या? डाव्या पेटीच्या पुढं! आवाज पुन्हा घोंगड्यात. काही दिवसांनी वकीलसाहेब मला जिन्यात अडवून म्हणाले, "भाडेकरू, तार पिकली. आवाजाला ऊब आली." मी जिन्याचा कठडा धरून उभा राहिलो.

पण ते नंतरचं. त्या दिवशी पाहुण्यांची जीप गेली, मी जेवायला बसलो आणि भाकरी मोडता मोडता पुन्हा सुरू झालो. म्हटलं, अख्खं घर खोट्याला हो म्हणालं, शास्त्र गच्चीवर वाळत पडलं, तारेचा काडीचा संबंध नाही, आवाज सुधारला तो गाद्या हलल्या म्हणून, आणि हे समजणारा एकटा मी, आणि मलाच बसवलं!

माझी बायको पिंपळगाव रेणुकाईची. माझ्या दहा वाक्यांना ती एकात उरकते. समोर ब्लाउजचं कापड पसरून ती खडूनं रेघ मारत होती. मान वर न करता म्हणाली, "गाद्या कशानं हलल्या?"

"पाहुणे आले म्हणून."

"पाव्हणे कशानं आले?"

"माझ्या निरोपानं."

"निरोप काय होता?"

"तार आली, जल्दी या."

"मंग? तारेनंच सुधारला की आवाज," ती म्हणाली. "जेवा आता."